मसाला घरचा, खून कादंबरीतला

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणाऱ्या ताई नागपूरच्या जुन्या वस्तीत राहतात, कोष्टी म्हणजे विणकराचं घर, सासूबाई आणि त्या मिळून घरीच सावजी खानावळ चालवतात. रात्री भांडी आटोपली की त्या एक रहस्यकादंबरी लिहितात, आजकाल ज्याला कोझी मिस्ट्री म्हणतात तशी, म्हणजे रक्ताचे पाट नाहीत, मारामारी नाही, एक साधी बाई डोकं चालवून गुन्हा उलगडते. त्यांची नायिका शकूबाई, तीही खानावळवाली. मारबतीच्या दिवशी, म्हणजे नागपुरात ईडा-पीडेचे पुतळे मिरवतात त्या दिवशी, एक मसाल्याचा व्यापारी तिच्याकडे जेवून जातो आणि संध्याकाळपर्यंत दगावतो, आळ येतो शकूबाईच्या रश्शावर. शेवटी ती दाखवून देते की व्यापाऱ्याच्या दुकानात सापडलेल्या डब्यातला रस्सा तिच्या घरचा नव्हताच, कारण मसाला वेगळा होता. अडचण इथेच आहे. वाचकाला हे पटायचं तर शकूबाईच्या मसाल्यात काय पडतं ते सांगावं लागेल, आणि ताईंनी तिथे स्वतःच्या घरचा मसाला जसाच्या तसा लिहिलाय. सासूबाईंना कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, हा मसाला या घराबाहेर जाणार नाही. मिस्टर म्हणतात, खानावळीत जेवून माणूस मेला असं पुस्तक आपणच काढलं तर आपल्याकडे जेवायला कोण येईल. आणि पुण्यात शिकणारा भाचा म्हणतो, मामी, कोझी म्हणजे हिल स्टेशन, पाऊस, बेकरी, मांजर, तुझ्या नागपूरच्या उन्हात आणि झणझणीत मटणात कोझी काय आहे? ताई विचारतात, मसाला लिहू की कादंबरी सोडू, की सगळं उचलून महाबळेश्वरला नेऊ? आणि अशा पुस्तकांत शेवटी रेसिपी देतात म्हणे, त्या देऊ का?

ताई, नमस्कार.

कादंबरी सोडू नका, हे आधी सांगून टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल. पत्रासोबत पाठवलेली पानं मी वाचलीत. शकूबाई पंगतीत वाढता वाढता बघते की रोज तिसरी भाकरी मागणारा माणूस आज दुसरीलाच हात आडवा करतोय, आणि त्यावरून तिला कळतं की याच्या घरी काहीतरी बिनसलंय. हे तुम्ही कुठून शिकलात ते सांगायची गरज नाही, इतकी वर्षं वाढताय तुम्ही. असं बघणारी बाई ज्या पुस्तकात आहे ते पुस्तक पूर्ण व्हायलाच पाहिजे.

आता मसाल्याचं. तुमच्या पत्रात एक गोष्ट तुम्ही धरूनच चालल्या आहात, ती मला आधी हलवून बघायची आहे. तुम्ही म्हणता की वाचकाशी प्रामाणिक राहायचं तर मसाला खरा लिहावा लागेल, नाहीतर वाचकाची फसवणूक होईल. पण शकूबाईचा मसाला तुमच्या घरचा असलाच पाहिजे असं कोणी सांगितलं? शकूबाई तुम्ही घडवलीत, तिचा मेलेला नवरा तुम्ही घडवला, तिची गल्ली तुम्ही घडवली, मग तिचा मसाला पण तुम्हीच घडवा ना. तिच्या घरात अमुक एक वस्तू तीन पिढ्यांपासून पडत नाही, का पडत नाही त्यामागे एक छोटी गोष्ट आहे, आणि दुकानातल्या डब्यात नेमकी तीच वस्तू सापडते. झालं की काम. वाचकाला लागतं ते एवढंच, की ही बाब त्याला आधी कुठेतरी, बोलता बोलता सांगितलेली असावी.

रहस्यकथेतला प्रामाणिकपणा हा असा असतो. १९२९ साली रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्रज पाद्रीबाबाने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, दहा नियम लिहून ठेवले होते आणि १९३० च्या सुमारास लंडनमधल्या रहस्यलेखकांनी डिटेक्शन क्लब काढला तोही याच विचाराचा. त्या दहा नियमांतले दोन तुमच्या कामाचे आहेत. एक, डिटेक्टिव्हला जो क्लू सापडेल तो तिथल्या तिथे वाचकालाही दिसला पाहिजे. दुसरा, कोणालाच माहीत नाही असं भलतंच विष काढायचं नाही. बस. वाचकाला क्लू दिसला पाहिजे असं नियम म्हणतो, वाचकाला उद्या घरी जाऊन तोच मसाला करता आला पाहिजे असं तो म्हणत नाही. तुम्ही हे दोन्ही एकच समजून बसल्या आहात आणि म्हणून हा सगळा गुंता झालाय असं मला वाटतं.

आणि खरं बोलायचं तर सावजी मसाल्यात काय काय पडतं याची यादी काही गुपित नाहीच. इतवारीत किराणा ओळीत जाऊन कोणत्याही दुकानदाराला म्हणा की सावजीचं सामान द्या, तो दगडफूल, नागकेशर, खसखस, धने, मिरे, लवंग, काय काय बांधून देईल. गुपित आहे ते मापाचं, कोणती वस्तू कितपत भाजायची, कोणती आधी कोणती मागून, तेल केव्हा सुटू द्यायचं याचं. यातलं काहीच तुमच्या प्लॉटला लागत नाही! शकूबाई डबा उघडते, वास घेते, आणि म्हणते यात खसखस कच्ची आहे, माझ्याकडे खसखस भाजल्याशिवाय पाट्याला लागत नाही. वाचकाला दुसऱ्या प्रकरणातच दिसलेलं असावं की ती सुनेला कच्ची खसखस वाटताना पकडते आणि पुन्हा भाजायला लावते. उदाहरण म्हणून सांगतेय, तुम्हाला याहून चांगलं सुचेल. एकही प्रमाण बाहेर आलं नाही आणि वाचक कपाळावर हात मारून घेईल की अरे हे तर मी वाचलं होतं.

सासूबाईंच्या बाजूने पण एक गोष्ट आहे जी तुम्हाला कदाचित कोणी सांगितली नसेल. आपल्याकडचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, तो तुम्ही लिहिलेल्या शब्दांना संरक्षण देतो, मांडणीला देतो, पण पदार्थ करण्याच्या पद्धतीला देत नाही. म्हणजे घरचा मसाला खऱ्या मापासकट छापला तर तुमचं वाक्य कोणी चोरू शकणार नाही, पण त्या मापाने मसाला करून पाकिटात भरून विकायला कोणालाच अडवता येणार नाही. गुपित हे गुपित आहे तोपर्यंतच तुमचं. सासूबाईंनी कायदा वाचलेला नसेल पण त्यांना हे बरोबर कळलंय, आणि ज्या मसाल्यावर तुमचं घर चाललंय त्याच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा असावा असं माझं स्पष्ट मत आहे. यात सून म्हणून तुमचा हक्क डावलला जातोय असं मला अजिबात वाटत नाही.

पण याचा अर्थ त्या तुमच्या कादंबरीच्या विरोधात आहेत असा नाही हं ताई. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय की सासूबाईंचा कादंबरीला विरोध आहे, आणि त्यांचं जे एक वाक्य तुम्ही दिलंय त्यात कादंबरीचा साधा उल्लेख पण नाही, फक्त मसाल्याचा आहे. तुम्ही त्यांना विचारलंय का, की गोष्ट कशी वाटते? मला वाटतं विचारलंच नसेल, कारण त्यांना मसाल्याचं पान आधी दिसलं आणि गोष्ट राहून गेली. हलबा कोष्टी घरांमधल्या बायांनी काय काय बघितलंय याचा जरा विचार करा. एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली आणि मग गिरण्या, नंतर पॉवरलूम, हातमागाचं काम हळूहळू हातातून गेलं, किती घरांमध्ये चूल नुसती घरच्यांपुरती राहिली नाही, तिच्यावर बाहेरची माणसं जेवायला लागली आणि त्या पैशावर पोरं शिकली. ज्या बाईने हे केलंय तिच्यासाठी मसाला म्हणजे घरातली तिची जागा आहे. तो तिला तिच्या सासूने दिला असेल, केव्हा दिला, लगेच दिला की खूप वर्षं वाट बघायला लावली, हे विचारा त्यांना. मला तर वाटतं त्यात एक अख्खं प्रकरण लपलंय.

माझी सूचना अशी, की मसाल्याचं पान फाडून टाका, त्यांच्या समोर. समजवायला जाऊ नका, फाडा आणि सांगा की हे गेलं. मग दुपारी जेवणं आटोपली की पहिलं प्रकरण वाचून दाखवा, वाचायला देऊ नका, वाचून दाखवा. आणि मग त्यांना कामाला लावा, की आई, शकूबाईच्या घरचा मसाला आपल्यापेक्षा वेगळा पाहिजे, पण खोटा वाटला नाही पाहिजे, काय घालू आणि काय काढू? हा प्रश्न त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणाला विचारून उपयोगच नाही. खोटा पण पटेल असा सावजी मसाला रचणं हे फक्त खरा येणाऱ्यालाच जमतं. त्यांनी नाही म्हटलं तर नाही, तुम्ही एकट्याने रचा. पण न विचारता, त्यांना न दाखवता छापू नका, आणि चार मापं बदलली म्हणजे त्यांना कळणार नाही अशा भरवशावर तर मुळीच राहू नका, त्यांना कळेल.

आता मसाल्यावरून थोडं बाजूला जाते, कारण मला तुमच्या प्लॉटमध्ये एक अडचण दिसते आणि ती मसाल्यापेक्षा मोठी आहे. व्यापारी मेला कशाने? पाठवलेल्या पानांमध्ये नुसतं 'विष' लिहिलंय. स्वयंपाकघरातली रहस्यकथा असली की हे नेमकं लागतं, आणि इथे तुमच्या हातचं काम तुम्हाला मदत करेल. अगाथा ख्रिस्तीबाई पहिल्या महायुद्धात हॉस्पिटलच्या औषधखान्यात काम करायच्या, म्हणून त्यांच्या कथांमधली विषं इतकी पक्की असतात. तुम्ही मिरच्या निवडता. धोतऱ्याचं बी आणि मिरचीचं बी लांबून सारखं दिसतं, इतकं की न्यायवैद्यकाच्या पुस्तकांमध्ये दोघांमधला फरक वेगळा शिकवतात. मिरचीचं बी फिकट पिवळं, गुळगुळीत, गोलसर, जिभेला तिखट, आणि धोतऱ्याचं तपकिरीकडे झुकलेलं, किडनीच्या आकाराचं, वरून खड्ड्याखड्ड्यांचं, कडू. पोलिसाला हा फरक दिसायला लॅब लागेल. पण जी बाई दर उन्हाळ्यात अंगणात भिवापुरी मिरच्यांचा ढीग घेऊन बसते आणि हाताची आग होईपर्यंत देठं खुडते, तिला पाट्याच्या फटीत अडकलेलं एक बी नुसतं बोटाला लागलं तरी कळेल की हे मिरचीचं नाही. धोतरा महादेवाला वाहतात, त्यामुळे तो कोणाच्याही अंगणात असू शकतो आणि कोणावर लगेच संशयही जात नाही. किती बी लागतं, काय करावं लागतं, असलं काही लिहायचं नाही, कादंबरीला त्याची गरजच नसते, पण ओळख लिहा, ओळखीतच शकूबाईची हुशारी आहे.

आणि धोतरा घेतला की भाच्याच्या प्रश्नाचं पण उत्तर मिळतं. या विषाने माणसाचं तोंड कोरडं पडतं, अंग तापतं, कातडी लाल आणि कोरडी होते, तो भ्रमात बडबडतो. आता हेच मे महिन्यात नागपुरात झालं तर बघणारे काय म्हणतील? ऊन लागलं म्हणतील! पारा ४५ च्या वर, दुपारी दोनला सीताबर्डीवर माणूस अडखळला, असंबद्ध बोलायला लागला, तर आपण त्याला सावलीत बसवू, कांदा लावू, पन्हं पाजू, विषाचा विचारही मनात येणार नाही. फरक करायचा तर डोळ्यांच्या बाहुल्या बघायच्या, धोतऱ्याने त्या मोठ्या होतात आणि उजेड सहन होत नाही. शकूबाईला एवढंच आठवावं की जेवून निघताना तो माणूस दाराशी थांबून डोळ्यांवर हात धरून उभा होता, जसं की पहिल्यांदाच ऊन बघतोय. असा क्लू महाबळेश्वरला मिळणार आहे का? तिथे ऊन लागलं असं कोणी म्हटलं तर वाचकाला लगेच संशय येईल. नागपूरचं ऊन तुमच्या गुन्हेगाराला लपायला जागा देतं, ते काढून टाकलं तर तुमच्याकडे राहील काय?

कोझी मिस्ट्रीला लागतं तरी काय, एक छोटी जागा जिथे सगळे एकमेकांना ओळखतात, मरण होतं पण ते पडद्याआड, आणि गुन्हा उलगडणारी व्यक्ती पोलीस नसते, जिचं तिथे काहीतरी पणाला लागलेलं असतं. मांजर असलंच पाहिजे असं नाही. खानावळीहून छोटी जागा मला तरी दुसरी सुचत नाही, तीच माणसं, तीच वेळ, प्रत्येकाची ठरलेली जागा, कोण कोणाशी बोलत नाही, कोणाची उधारी किती हे सगळं शकूबाईला पाठ. भाच्याने जी पुस्तकं वाचलीत ती चांगली असतील, पण त्यातली बेकरी तिथल्या माणसांसाठी जे करते तेच तुमची खानावळ नागपूरच्या माणसांसाठी करते. आणि कूलर विसरू नका बरं का, दुपारी घराघरातून कूलरची घरघर चालू असते आणि शेजारी भांडण झालं तरी ऐकू येत नाही, मग त्या दुपारी ज्याने 'मी भांडण ऐकलं' म्हटलं तो खोटं बोलतोय, किंवा त्या वेळी लाइट गेलेली होती. हे फक्त आपल्याकडेच घडू शकतं.

मारबत मात्र ठेवा, जागा बदलून ठेवा. मरण मे मध्ये, तिखट-मसाल्याच्या दिवसात, आणि उलगडा मारबतीला, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून, इतवारी-महालाचा सगळा भाग रस्त्यावर असतो आणि ईडा पीडा घेऊन जा गे मारबत म्हणून लोक ओरडत असतात. बडगे, म्हणजे मारबतीसोबत निघणारे पुतळे, तर त्या त्या वर्षाच्या रागावरच बनतात, महागाई, भ्रष्टाचार, जे असेल ते. तुमच्या गोष्टीतला एक बडगा भेसळ करणाऱ्यांविरुद्ध असू दे आणि तो बनवणाऱ्या मंडळात खरा गुन्हेगार सगळ्यात पुढे असू दे. मधल्या तीन-साडेतीन महिन्यांमध्ये शकूबाई हळूहळू एकेक धागा सोडवते, घाई करायला नको.

हा मधला काळ पोलिसांच्या बाजूने पण खरा वाटेल. अचानक मृत्यू झाला की पोलीस मर्ग दाखल करतात, पंचनामा होतो, पोस्टमॉर्टेम मेडिकलला किंवा मेयोला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यांत, व्हिसेरा, म्हणजे पोटातल्या अवयवांचे नमुने, प्रादेशिक न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडे जातो आणि रिपोर्ट यायला वेळ लागतो. तिकडे अन्न व औषध प्रशासनाचे लोक येऊन नमुने घेऊन जातात आणि खानावळ बंद पडते. पोलीस नालायक आहेत असं दाखवायची काही गरज नाही, ते रिपोर्टची वाट बघतायत इतकंच, आणि शकूबाईला वाट बघणं परवडत नाही कारण तिची चूल थंड पडलीय. घरगुती डिटेक्टिव्ह या भानगडीत पडतेच का, हा प्रश्न प्रत्येक वाचक विचारतो आणि तुमच्याकडे त्याचं इतकं सरळ उत्तर आहे.

एक इशारा देऊन ठेवते. आपल्याकडे कोणाला सांगितलं की जेवणातून विष अशी गोष्ट लिहितेय, तर चार लोक म्हणतील लाखोळीची डाळ घाल. लाखोळीने माणूस एका जेवणात मरत नाही. महिनोन्महिने तीच डाळ मुख्य अन्न म्हणून खाल्ली तर पाय लुळे पडण्याचा आजार होऊ शकतो, त्यामुळे १९६१ साली विक्रीवर बंदी आली होती आणि महाराष्ट्रात ती २००८ ला उठली. तेव्हा हत्यार म्हणून ती चालणार नाही, पण कारण म्हणून उत्तम चालेल. तुमचा व्यापारी मसाल्यासोबत बेसन पण विकतो ना, त्यात लाखोळीचं पीठ मिसळून चण्याच्या भावाने खपवणं ही भेसळच. हे कोणाला तरी कळलं होतं, किंवा उलट व्यापाऱ्यालाच दुसऱ्याची भेसळ कळली होती. मला दुसरं जास्त आवडेल, मेलेला माणूस शेवटी थोडा चांगला निघाला की अशा गोष्टी मनाला लागतात.

आणि समजा तुम्हाला मरण नकोच असेल, मिस्टरांच्या धास्तीमुळे म्हणा, तर जवसाचं तेल आहे की. जवसाच्या तेलात भिजलेली फडकी ढिगाने एका कोपऱ्यात पडून राहिली तर ती आतून तापत जातात आणि कोणी काडी न लावता पेट घेऊ शकतात, हे खरं आहे, सुतारकाम-रंगकाम करणाऱ्यांना ठाऊक असतं. मे महिना, बंद गोडाऊन, आग, आणि सगळे म्हणतायत की अमक्याने लावली. शकूबाई तेलाच्या घाण्यावरून ताजं जवसाचं तेल आणणारी, तिच्या नाकाला जळक्या फडक्याचा वास कळतो. आगीवर अख्खी कादंबरी उभी राहील, कोणी मेलं नाही तरी चालेल. मी तरी धोतरा घेईन, पण घर तुमचं आहे.

मिस्टरांवरून आठवलं, त्यांचं म्हणणं उडवून लावू नका. ते काही कादंबरीचे शत्रू नाहीत, हिशोब करतायत, आणि हिशोब कोणीतरी करायलाच हवा. गिऱ्हाईक इतकं भोळं नसतं की गोष्टीतलं मरण खरं समजेल, पण तुमच्याच नावावर पुस्तक, तुमच्यासारखीच खानावळ, तुमचीच गल्ली, आणि त्यात विषबाधा, इतकं सगळं एकत्र आलं तर उगाच चर्चा होते हे खरं. यातलं एक-दोन बदला म्हणजे झालं. टोपणनावाने लिहा, किंवा शकूबाईला तुमच्या वस्तीतून उचलून दुसऱ्या भागात बसवा, किंवा तिची खानावळ काढून तिला लग्नकार्याच्या ऑर्डर घेणारी करा. मी असते तर टोपणनाव घेतलं नसतं, गल्ली बदलली असती, कारण पुस्तक चाललं तर ज्या हातांनी लिहिलं त्यांना त्याचं श्रेय मिळावं. खऱ्या भोजनालयाचं नाव मात्र कुठेच घालू नका, चांगल्या अर्थाने पण नको. आणि तुमच्याकडे जेवणारी माणसं गोष्टीत येणारच, तर दोघा-तिघांना मिळून एक करा, धंदा बदला, बोलायची लकब बदला. एखाद्याने स्वतःला ओळखलं आणि तो तुमच्या पुस्तकात भेसळखोर निघाला तर मानहानीचा खटला होऊ शकतो, भारतीय न्याय संहितेचं ३५६ कलम त्यासाठीच आहे, आणि त्याहून आधी तो जेवायला यायचा बंद होईल. मिस्टरांना कच्चा ड्राफ्ट याच कामासाठी द्या, की वाचा आणि कोण कोण ओळखू येतंय ते सांगा. त्यांचा हिशोबीपणा तिथे कामाला येईल.

ज्या वाचकांकडे खानावळ नाही पण आईचं लोणचं आहे, आजीचं औषध आहे, घरातली कोणतीही गोष्ट आहे आणि ती लिहायचा मोह होतोय, त्यांनाही मी हेच विचारीन की तुमच्या लिखाणाला त्या गोष्टीतलं नेमकं किती लागतं. बऱ्याचदा फार थोडं लागतं. तेवढं मागितलं तर घरचे देतात पण.

राहिला रेसिपीचा प्रश्न. द्या, नक्की द्या, वाचकांना आवडतात. पण मसाला नको, आणि ज्याला मसालाच लागतो असं मटण पण नको. वडाभात, सांबारवडी म्हणजे कोथिंबिरीची वडी, पातोडीचा म्हणजे बेसनाच्या वड्यांचा रस्सा, तर्री, हे सगळ्या विदर्भाचं आहे, त्यावर कोणाच्या घराची मालकी नाही. तिखट-मसाल्याच्या जागी 'घरचा काळा मसाला' एवढं लिहिलं की पुरे, ज्याच्या घरी जो असेल तो घालेल. प्रमाण खानावळीचं देऊ नका, तुम्हाला चाळीस माणसांचा अंदाज असतो, वाचक चौघांचं करणार, तर चौघांचं एकदा स्वतः करून, वाटीने मोजून मगच लिहा. ज्या प्रकरणात जो पदार्थ येतो त्याच्या शेवटीच त्याची रेसिपी टाका, सगळ्या मागे ढकलू नका, कारण मग एखादा क्लू रेसिपीतच लपवता येतो. लाखोळीचं पीठ असलेलं प्रकरण पातोडीचं करा. रेसिपीत लिहा की बेसन चांगल्या दुकानाचं घ्या, शिजवून थापल्यावर वडी अशी अशी दिसली पाहिजे, आणि पुढच्या प्रकरणात शकूबाईच्या ताटलीत ती तशी दिसत नाही. अर्धे वाचक रेसिपी न वाचता पान उलटतील आणि तिथेच फसतील, आणि ही काही त्यांची फसवणूक नव्हे, त्यांच्यासमोर सगळं ठेवलेलं होतं. पातोड्या वाढायच्या वेळीच रश्शात सोडायच्या हे तेवढं विसरू नका लिहायला, पुण्या-मुंबईच्या वाचकांना ते माहीत नसतं.